सगळं हिरवं होतं

सकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी लालबागच्या तिकीट काउंटरवरच्या काकांचा फोन आला. "मॅडम, लोकांचे पैसे कापले जातायत आणि तिकीट येत नाही. इथं दाराशी माणसं जमलीत." माझ्यासमोर भिंतीवर मोठा स्क्रीन होता. सहा सर्व्हिस, सहा चौकटी, सहाही हिरव्या. मी अगदी शांतपणे म्हटलं, "काका, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. लोकांच्या नेटचा प्रॉब्लेम असेल."

हे वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

साल २०१८. गणपती १३ सप्टेंबरला होते आणि कोकणातल्या जादा गाड्यांचं बुकिंग जुलैतल्या त्या रविवारी आठला उघडलं होतं. एका खासगी बस कंपनीची तिकीट यंत्रणा सांभाळणाऱ्या पुण्यातल्या नऊ जणांच्या टीमची मी प्रमुख. आदल्या वर्षापर्यंत ही यंत्रणा म्हणजे एकच मोठा प्रोग्रॅम आणि त्यामागे एक डेटाबेस, असा संसार होता. जुनाट, पण नांदता. आम्ही त्याच्या वाटण्या केल्या: सीट, भाडं, बुकिंग, पेमेंट, तिकीट आणि एसएमएस. कारण विचारलं की 'वाढता लोड' असं सांगायचो. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की तेव्हा सगळेच वाटण्या करत होते.

एका घरात असताना स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली की पाणी येतं, नाहीतर 'घे की उठून' असं ऐकू येतं. काहीतरी येतंच. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली की तसंच असतं. वेगळं बिऱ्हाड केलं आणि हाक नेटवर्कवरून जाऊ लागली, की तिसरी शक्यता जन्माला येते: काहीच ऐकू येत नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. दर महिन्याला देवगडकडच्या गावी आजीला मनीऑर्डर करायचे. काही दिवसांनी आजीच्या अंगठ्याची पोचपावती यायची. एखाद्या महिन्यात ती यायचीच नाही. आता पैसेच पोचले नाहीत, की पैसे पोचले आणि पावती वाटेत हरवली? मुंबईत बसून हे कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवावेत तर दोनदा जाण्याची भीती, न पाठवावेत तर घरी चूल थंड. संगणकशास्त्रात या पेचाला 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणतात. हे नाव जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये दिलं. बेभरवशाच्या वाटेवरून निरोपांची कितीही ये-जा केली तरी दोन्ही टोकांची एकमेकांविषयी पूर्ण खात्री होऊ शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ते पुन्हा पैसे पाठवत नसत. पहिल्या मनीऑर्डरचा नंबर घेऊन पोस्टात चौकशी करत. आम्ही नऊ शिकलेल्या माणसांनी मात्र यंत्रणाच अशी बांधली होती, की पावती आली नाही की ती सरळ पुन्हा पैसे पाठवायची.

त्या दिवशी झालं ते असं. आठ वाजून तीन मिनिटांनी पेमेंट गेटवे मंदावला. बंद पडला नाही. पडता तर फार बरं झालं असतं. एरवी पाव सेकंदाच्या आत बोलणारा तो, पंचवीस सेकंद घेऊ लागला. आमच्या पेमेंट सर्व्हिसचा टाइमआउट तीस सेकंद होता. तीसच का, तर कुणी ठरवलाच नव्हता. वापरलेल्या लायब्ररीत तेवढा होता, तो तसाच राहिला. या सर्व्हिसमध्ये एका वेळी दोनशे कामं चालू शकत. एक काम ०.२ सेकंदात उरकलं तर सेकंदाला हजार कामं होतात. त्याच कामाला पंचवीस सेकंद लागले तर आठ. हजारावरून आठ! जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम हाच, बँकेच्या काउंटरलाही लागू पडणारा. पण मी तो परीक्षेपुरता वाचलेला.

पेमेंट अडकलं म्हणून बुकिंग सर्व्हिस त्याची वाट पाहत थांबली. तिच्या त्याच थ्रेडवर गाड्यांची यादी दाखवायचं कामही होतं. त्यामुळे ज्याला पैसे भरायचेच नव्हते, नुसतं मालवणची गाडी किती वाजता सुटते एवढं बघायचं होतं, त्याच्याही फोनवर चक्र फिरत राहिलं. बोटीला कप्पे असतात ते एका कप्प्यात पाणी शिरलं तर बाकीचे कोरडे राहावेत म्हणून. आमची बोट म्हणजे एकच मोठं घमेलं.

त्यात रिट्राय. मोबाइल ॲप उत्तर न आल्यास एकूण तीनदा प्रयत्न करायचं. ॲपच्या हाका झेलणारा आमचा पुढचा सर्व्हर, तोही तीनदा. बुकिंग सर्व्हिसही तीनदा. प्रत्येक थर लिहिणाऱ्याने जबाबदारीने, चांगल्या मनानेच ते लिहिलं होतं. गुणाकार कुणी केला नव्हता. एका माणसाने एकदा बटण दाबलं की आधीच घुसमटलेल्या पेमेंट सर्व्हिसवर सत्तावीस हाका जाऊ शकत होत्या. आणि गणपतीचं तिकीट काढणारा माणूस एकदा बटण दाबून थांबत नाही.

शिवाय प्रत्येक प्रयत्नाला पेमेंट सर्व्हिस नवा ऑर्डर नंबर पाडायची. म्हणजे गेटवेच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नवाच व्यवहार. ज्यांचं वॉलेट जोडलेलं होतं त्यांचे पैसे दोन-तीनदा कापले गेले. यूपीआयवाल्यांच्या फोनवर एकाच तिकिटासाठी तीन-तीन मागण्या गेल्या आणि बऱ्याच जणांनी भोळेपणाने दोन मंजूर केल्या. सीट आम्ही आठ मिनिटं राखून ठेवायचो. ती मिनिटं संपली, सीट मोकळी झाली, दुसऱ्याने घेतली, आणि मग पहिल्याचे पैसे मिळाल्याचा निरोप आला. आमच्या तिकीट सर्व्हिसने दोघांनाही आनंदाने तिकीट दिलं. एकूण सदतीस सीटांवर दोन-दोन माणसं.

मग स्क्रीन हिरवा कसा? हे शोधायला मला त्या गोंधळापेक्षा जास्त दिवस लागले. 'जिवंत आहेस का?' असं दर दहा सेकंदांनी प्रत्येक सर्व्हिसला विचारलं जायचं आणि ती 'हो' म्हणायची. कारण त्या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये एका ओळीत लिहून ठेवलेलं होतं. ते द्यायला डेटाबेस लागत नव्हता, गेटवे लागत नव्हता, काहीच लागत नव्हतं. सीपीयूचा आलेख तर चक्क खाली आला होता, कारण वाट पाहणाऱ्या थ्रेडला सीपीयू लागत नाही. हाताची घडी घालून बसलेला माणूस घामाघूम कसा होईल? पण आमच्या ऑटोस्केलिंगला सीपीयू कमी म्हणजे काम कमी एवढंच ठाऊक. त्याने काटकसर म्हणून ऐन गर्दीत दोन सर्व्हर बंद केले. आणि चुकांचा आलेख सपाट होता तो यासाठी, की अडकलेली विनंती अजून चुकलेली नसते. ती पूर्णच झालेली नसते, म्हणून तिला किती वेळ लागला याचीही नोंद होत नाही. आम्ही मोजत होतो ते पलीकडच्या काठाला लागलेल्यांना. मध्येच गटांगळ्या खाणारे कुठेच मोजले जात नव्हते.

त्या गोंधळावर मी जे केलं ते सगळ्यांत वाईट. सगळ्या सर्व्हिस रीस्टार्ट केल्या. जी पेमेंटची उत्तरं उशिरा का होईना येणार होती, ती घ्यायला आता कुणी उरलं नाही. मेमरीतला कॅशे रिकामा झाला, म्हणून प्रत्येक सीटचा नकाशा थेट डेटाबेसवर आदळू लागला. आणि हजारो फोन एकाच क्षणी पुन्हा जोडायला धावले. अकराच्या सुमारास गेटवे आपोआप सावरला, तेव्हा कुठे आम्हीही सावरलो. ते श्रेय आमचं नव्हे.

हिशेब जुळवायला नऊ दिवस लागले. बँकेची एक्सेल शीट एकीकडे, आमचे लॉग दुसरीकडे. पाच सर्व्हिस वेळ यूटीसीमध्ये लिहायच्या, एक भारतीय वेळेत. साडेपाच तासांतला तो अर्धा तास फार छळतो हो. पूर्ण तासांचा फरक डोळा पटकन ओळखतो, हा ओळखत नाही. त्यात दोन सर्व्हरची घड्याळं काही सेकंदांनी पुढे-मागे, त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशाही नोंदी निघाल्या. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच निबंध लिहून बजावलं होतं, की अनेक यंत्रांच्या पसाऱ्यात घड्याळावरून आधी-नंतर ठरवू नका. आम्हाला ते चाळीस वर्षांनी पोचलं.

आता तुम्ही अशी यंत्रणा बांधत असाल तर, माझ्या मते, सुरुवात इथून करा: ग्राहकाच्या प्रत्येक कामाला एक नंबर द्या, आणि तो बटण दाबण्याआधी, त्याच्या फोनवरच तयार होऊ द्या. तोच नंबर पेमेंटपर्यंत, गेटवेपर्यंत आणि एसएमएसपर्यंत गेला पाहिजे. डेटाबेसमध्ये तो एकदाच नोंदला जाईल अशी सक्ती करा. तोच नंबर पुन्हा आला तर काम पुन्हा करायचं नाही. मागचं उत्तर काढून द्यायचं. सत्तावीस हाका येऊ देत, पैसे एकदाच कापले जातील. याचा दुसरा फायदा लॉग वाचताना. गूगलच्या मंडळींनी २०१० मध्ये 'डॅपर' या आपल्या यंत्रणेविषयी लिहिलं, तेव्हापासून एका विनंतीचा माग सगळ्या सर्व्हिसमधून काढायची पद्धत रूढ झाली. आज त्यासाठी ओपनटेलिमेट्री फुकट मिळतं. पण तेही बसवायला वेळ नसेल तर निदान तो एक नंबर प्रत्येक ओळीत छापा. आमचे नऊ दिवस वाचले असते.

टाइमआउट प्रत्येक ठिकाणी हाताने लिहा आणि शेजारी कारण लिहा. आतल्या सर्व्हिसचा टाइमआउट बाहेरच्यापेक्षा कमी हवा, नाहीतर बाहेरचा कंटाळून निघून गेलेला असतो आणि आत त्याच्यासाठी स्वयंपाक चालूच राहतो. रिट्राय एकाच थरात ठेवा. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळा, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला दार ठोठावणार नाहीत. समोरचा सतत अडखळत असेल तर काही काळ त्याला विचारणंच थांबवायचं. मायकेल नायगार्ड यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकातून 'सर्किट ब्रेकर' ही कल्पना लोकप्रिय केली. घरातल्या एमसीबीचंच काम: खटका पडतो, मीटर जळत नाही.

आणि 'माहीत नाही' ही अवस्था यंत्रणेत उघडपणे मांडा. आमच्याकडे बुकिंगच्या दोनच अवस्था होत्या, झालं आणि नाही झालं. तिसरी घातली: चौकशी चालू. त्या अवस्थेत सीट सुटत नाही. मागे एक काम गेटवेला तो नंबर देऊन विचारत राहतं. ग्राहकाला स्क्रीनवर काय दाखवायचं यावर आमची तासभर चर्चा झाली, इंग्रजीत. शेवटी मी लालबागला फोन लावला. काकांनी एका दमात सांगितलं: "पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका. सीट तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. पंधरा मिनिटांत कळवतो." तेच छापलं.

टेस्टिंगविषयी बोलायला मला थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या सगळ्या टेस्ट पास होत्या. लोड टेस्टसुद्धा, अपेक्षेच्या पाचपट लोडवर. फक्त त्यात पेमेंट गेटवेच्या जागी जो खोटा गेटवे होता तो अतिशय गुणी होता: पन्नास मिलिसेकंदांत, प्रत्येक वेळी, होकारार्थी उत्तर देणारा. अशा जगात कुठलीही यंत्रणा टिकते. आमच्या टेस्टरने नंतर एक वाह्यात गेटवे लिहिला. तो कधी वीस सेकंद गप्प बसतो, कधी पैसे घेतो आणि उत्तर देत नाही, कधी तेच उत्तर दोनदा देतो, कधी कालचं उत्तर आज. टीममध्ये त्याचं नाव 'धाकटा दीर' पडलं. स्वतः लिहायचा नसेल तर शॉपिफायने मोफत खुला केलेला टॉक्सीप्रॉक्सी आहे; दोन सर्व्हिसच्या मध्ये बसून तो हवा तेवढा उशीर घालतो. नेटफ्लिक्सच्या केऑस मंकीच्या गोष्टी ऐकून बरेच जण सर्व्हर मारून बघण्यापासून सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. मेलेला सर्व्हर लगेच ओळखू येतो, त्याची व्यवस्था करणं सोपं. रेंगाळणारा बुडवतो. आधी उशीर घालून बघा.

लोड टेस्टच्या साधनातली एक खोच सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. पुष्कळ साधनं शंभर खोटे ग्राहक तयार करतात आणि प्रत्येक ग्राहक पहिल्याचं उत्तर आल्यावरच पुढची विनंती पाठवतो. म्हणजे सर्व्हर मंदावला की टेस्टही समजूतदारपणे मंदावते आणि नेमक्या वाईट क्षणांचं मापच घेतलं जात नाही. गिल टेनी या तज्ज्ञाने या चुकीकडे लक्ष वेधलं होतं. खरी माणसं तुमच्या सर्व्हरची तब्येत बघून थांबत नाहीत. सेकंदाला ठरावीक विनंत्या, उत्तर येवो न येवो, अशा रीतीने टेस्ट चालवा. आकडे बघून पोटात गोळा येईल, पण ते खरे असतील.

सरासरीवर विश्वास ठेवू नका, हे तर आता सगळेच म्हणतात. तरी एक गणित करून बघा. शंभरातली एकच विनंती रेंगाळते असा सर्व्हर चांगलाच म्हणायचा. पण एक पान दाखवायला असे शंभर सर्व्हर लागत असतील, तर त्रेसष्ट टक्के पानं रेंगाळतात. जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ च्या लेखात हे दाखवलं होतं. भरवशाचंही तसंच: एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू, म्हणजे तीस दिवसांत त्रेचाळीस मिनिटं बंद. अशा सहा एकापाठोपाठ एक लागल्या, की सव्वाचार तासांवर. आज कुणी विचारलं तर त्या जुन्या प्रोग्रॅमच्या मी दोनच वाटण्या करीन, पेमेंट एक आणि बाकी सगळं एक. नऊ माणसांना सहा सर्व्हिस म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दीडच माणूस. एक जण सुट्टीवर गेला की अर्धा.

देखरेखीत आम्ही सगळ्यांत वर आता एकच आकडा ठेवतो: गेल्या मिनिटात किती तिकिटं गेली. सीपीयू, मेमरी खाली, कोपऱ्यात. तिकिटांचा आकडा नेहमीच्या रविवारपेक्षा निम्म्यावर आला की फोन वाजतो, कारण काहीही असो. दुसरा आकडा, आत्ता या क्षणी किती विनंत्या अधांतरी आहेत. बाकी जे अलर्ट होते त्यांतले बहुतेक काढून टाकले. तुम्हाला खरं सांगते, त्या रविवारी आमच्या अलर्टच्या ग्रुपमध्ये डेटाबेसच्या रांगेचा इशारा आला होता, आठ वाजून चार मिनिटांनी. तो ग्रुप दिवसाला शे-दोनशे निरोप टाकायचा आणि मी तो महिन्याभरापूर्वी म्यूट केला होता. रात्री झोपेतून उठवणाऱ्या प्रत्येक अलर्टमागे उठून करायचं एक काम लिहिलेलं असावं. नसेल तर तो अलर्ट नाही, डास आहे.

देखरेख यंत्रणेच्या बाहेर बसवा हेही आलंच. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा चार तास कोलमडली. कमांड टाइप करताना चूक झाली आणि हव्या त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. त्यांचं सेवांची स्थिती दाखवणारं पान एस-थ्रीवरच अवलंबून होतं, त्यामुळे काही वेळ तेही हिरवंच दिसत राहिलं. वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

आम्ही बाहेरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवरून दर मिनिटाला एक खोटा प्रवासी पाठवतो. तो 'पुणे ते पुणे' या नसलेल्या गाडीचं एक रुपयाचं तिकीट खऱ्या मार्गाने काढतो आणि रद्द करतो. एकदा फिल्टर चुकला आणि ही गाडी ॲपवर सगळ्यांना दिसली. दोघांनी तिकीट काढलं. त्यांतल्या एकाने पिकअप पॉइंट कुठे, म्हणून फोनही केला.

पहाटे चारला आमची आणि बँकेची यादी समोरासमोर ठेवून एक काम चालतं. ज्या नंबरचे पैसे आले आणि तिकीट गेलं नाही, त्याचे पैसे त्याने मागायच्या आत परत पाठवायचे. पुढच्या वर्षी, २०१९ च्या गणपतीच्या बुकिंगनंतर दोन दिवसांनी काकांचा फोन आला. मी उचलतानाच उठून उभी राहिले.

"मॅडम, एक जण आलाय काउंटरवर. त्याच्या खात्यात सातशे ऐंशी रुपये आलेत, आपल्याकडून. कसले ते विचारतोय. तक्रार काही नाही म्हणतो, तिकीट आहे त्याच्याकडे."

मी नंबर मागून घेतला. माणसाने एकदा पैसे भरले होते, घाबरून ॲप काढून टाकलं होतं, पुन्हा टाकून नव्याने भरले होते. पहिले कापले गेल्याचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काका, पहिली पावती वाटेत हरवली होती म्हणावं."

"बरं," काका म्हणाले, आणि पलीकडे कुणालातरी तेच मालवणीत सांगू लागले.